बारक्याचा कोट

काकूंनी ओठांत धरलेली शेवटची टाचणी काढून कोटाच्या खांद्याला टोचली, दोन पावलं मागे सरकल्या आणि मान तिरकी करून पाहिलं.

"झकास बसलाय," त्या म्हणाल्या.

कोट झकास वगैरे काही बसला नव्हता. खांद्याची शिवण दंडावर उतरली होती, बाह्यांतून बोटांची जेमतेम टोकं दिसत होती, आणि पाठीमागे आणखी एक माणूस आरामात मावला असता. पण बारक्या आरशासमोर छाती फुगवून उभा होता, हूं की चूं न करता. कोट त्याच्या लग्नाचा होता. लग्न ठरून वर्ष होत आलं, तारीख मात्र ठरत नव्हती. दुसऱ्या गावी वेल्डरची चांगली नोकरी चालून आली होती, लग्न करून तिकडेच जायचं होतं. पण मग काकूंचं कसं, असा प्रश्न आला की बारक्या विषय बदलायचा.

कोपऱ्यातल्या स्टुलावर त्याची होणारी बायको बसली होती. ती नर्स होती. लोकांच्या जखमा उघडून बघण्यात दिवस जायचा, त्यामुळे आडपडदा तिला जमत नसे.

"काकू, राग मानू नका, पण हा कोट याच्या मापाचा नाही."

"अगं, निम्मं आयुष्य या मशीनवर गेलंय माझं. माझी कात्री कधी चुकत नाही."

"याचे सगळे शर्टही असेच आहेत. मला वाटायचं, यालाच ढगळ आवडतात."

"आवडतात," बारक्या घाईघाईने म्हणाला.

काकू तिला चांगलं ठणकावून सांगणार होत्या. तेवढ्यात त्यांनी शिवण वर ओढण्यासाठी बारक्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि हाताखाली नुसतंच अस्तर लागलं. खांदा पुष्कळ आत होता. त्यांचा हात तिथेच थांबला. त्यांना आठवून पाहूनही आठवेना, की बारक्याचं माप आपण कधी घेतलं. घेतलंच नव्हतं. दर ईस्टरला त्याला एक शर्ट द्यायच्या त्या. कापड पसरलं की कात्री आपोआप चालायची. ती कुणाच्या खांद्यावरून चालत होती, हे त्यांना आत्ता कळलं.

त्यांचा लेक आडव्या अंगाचा होता. कारखान्याची टाकी साफ करायला बारक्या आत उतरला आणि विषारी वायूने बेशुद्ध पडला, तेव्हा कुणाचंही न ऐकता तोच मागोमाग उतरला. त्याने बारक्याच्या कमरेला दोर बांधून त्याला वर पाठवलं. दोर पुन्हा खाली सोडला, पण तो धरायला खाली कुणी शुद्धीत नव्हतं. त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून बारक्या रोज संध्याकाळी यायचा, पाणी भरायचा, मशीनला तेल घालायचा, आणि रविवारी चर्चमध्ये काकूंच्या शेजारी, लेकाच्या जागेवर बसायचा. देवाने एक नेला पण एक दिला, असं लोक म्हणायचे. काकूंना ते ऐकायला बरं वाटायचं.

"बोलला का नाहीस कधी?" त्यांनी विचारलं.

"काय बोलणार काकू? तुमचा मुलगा माझ्यासाठी गेला. मी काय बाहीची तक्रार करू?"

काकू खुर्चीत बसल्या. काल शुभ शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे होता. प्रभूने आपल्यासाठी प्राण दिला, हे चर्चमध्ये पाळकांनी सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते; ते त्यांना नेहमीच समजायचं. उद्या ईस्टरला पाळक म्हणणार होते की प्रभूची कबर रिकामी आहे, तो उठला. त्या वाक्याला मात्र त्या दरवर्षी मांडीवरच्या हातांकडे बघत राहायच्या. तिथे त्या आईचा मुलगा तिसऱ्या दिवशी उठला. माझा का नाही? हा राग त्यांनी देवाच्या घरात बसून देवावरच धरला होता.

"उद्या पाळक म्हणतील, तो उठला," त्या म्हणाल्या. "तुला खरं वाटतं?"

बारक्याने कोटाच्या बाह्या वर सारल्या. त्या पुन्हा खाली आल्या.

"कुणीतरी आपल्यासाठी मेलं, हे मला रोज सकाळी डोळे उघडले की कळतं काकू. उठण्याचं तेवढं कळत नाही."

काकूंना आपली फार लाज वाटली. लेकाने जिवावर उदार होऊन ज्याला वर काढलं, त्याला त्यांनी चार वर्षं लेकाच्याच मापात गुंडाळून ठेवलं होतं. आणि तोही बिचारा गुंडाळून घेत होता.

"काढ तो कोट."

"अहो, चालेल मला."

"मला नाही चालत."

त्यांनी कोट उलटा केला आणि शिवणीखाली कात्रीचं टोक घालून सरळ उसवायला घेतला.

"आतून दाबून लहान करता आला असता ना?" नर्सने विचारलं.

"आला असता. पण मग तो त्याचाच राहिला असता."

कोणाचा, हे कुणी विचारलं नाही. सुट्या बाह्या टेबलावर ठेवून काकू उठल्या. गळ्यातली टेप काढून त्यांनी ती बारक्याच्या छातीभोवती फिरवली. त्याने सवयीने श्वास कोंडून छाती फुगवली.

"फुगवू नकोस. आहेस तसा उभा राहा."

त्याने श्वास सोडला. टेप सैल पडली, काकूंनी ती ओढून घेतली. आकडा मोठ्याने म्हणायची त्यांची पद्धत होती.

"सदतीस," त्या म्हणाल्या. मग नाक पुसून, कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "कधीपर्यंत हवाय?"

बारक्याने टेबलावरच्या सुट्या बाह्यांकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"पुढच्या महिन्यात, काकू. पहिल्या शनिवारी लग्न आहे."

होणारी बायको स्टुलावरून उठलीच. तारीख तिलाही आत्ताच कळत होती.