उशाच्या उंचीची खिडकी

मित्रांनो, कडेगावहून कराडकडे जाताना उसाच्या फडाशेजारी एक गंजका ट्रक दिसला, आणि त्याच्या पाठीवर पत्र्याची खोली दिसली, तर हसू नका. तो मीच.

लष्करात मी चौदा वर्षं रसद वाहिली. मग माझं वय झालं, असं कुणीतरी कागदावर लिहिलं आणि लिलावात मी लालासाहेबांच्या हाती आलो. तेही लष्करातून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला, तेव्हा मला आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. ते साल होतं एक्क्याण्णव.

गावाला वाटलं, आता हा ट्रक कारखान्याला ऊस वाहणार. पण लालासाहेबांच्या मनात वेगळंच होतं. त्यांची बायको चंद्राबाई संधिवातानं चार वर्षं अंथरुणाला खिळली होती. एसटीच्या बाकावर तिला बसवत नव्हतं, जीपचा धक्का सोसत नव्हता. तिचं माहेर कोयनेच्या खोऱ्यातलं. धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं, तेव्हा ती तेरा वर्षांची होती. गावच्या माणसांना खाली देशावर माळाची जमीन मिळाली, आणि त्या नव्या वस्तीतूनच तिचं लग्न झालं. एका उन्हाळ्यात कुणीतरी बातमी आणली, की हल्ली मे महिन्यात धरणाचं पाणी फार उतरतं आणि जुन्या गावच्या देवळाचा चौथरा उघडा पडतो.

चंद्राबाई एवढंच म्हणाली, "एकदा बघाय पायजे हुतं."

तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. पण तो शब्द लालासाहेबांना लागून राहिला, आणि म्हणून मी त्यांच्या दारात आलो.

गावातल्या अर्जुना सुताराला हाताशी धरून त्यांनी माझ्या पाठीवर घर बांधायला घेतलं. सागाची चौकट, वर पत्रा, आत एक खाट, पाण्याचा पिंप, स्टोव्ह ठेवायला फळी. मागचा फाळका त्यांनी असा बसवला, की तो खाली सोडला की ओटा व्हावा. दोन महिन्यांत घर उभं राहिलं. इतकी वर्षं मी पोती आणि पेट्या वाहिल्या होत्या. आता माझ्या पाठीवर चूल पेटणार होती. मित्रांनो, मला फार अभिमान वाटला.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही कोयनेला निघालो, आणि तो अभिमान कराडच्या अलीकडेच उतरला. मे महिन्याचं ऊन पत्र्यावर पडलं आणि आतली खोली भट्टीसारखी तापली. माझे कमानपाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, दहा टन माल तोलण्यासाठी घडवलेले. रिकाम्या गाडीत ते हलेचनात, आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा सरळ चंद्राबाईच्या सांध्यांत जात होता. तिनं ओठ दाताखाली धरले होते. लालासाहेबांनी गाडी थांबवून मागे पाहिलं, तर ती घामानं भिजून निपचित पडली होती. त्यांनी तिच्या तोंडावर पाणी मारलं आणि मला तिथूनच माघारी वळवलं.

"मालक, नाद सोडा," अर्जुना म्हणाला. "ही गाडी मालाची हाय, माणसाची न्हाई."

"मग माणसाची करू," लालासाहेब म्हणाले.

वर्षभर ते माझ्यावर राबले. पत्र्याखाली बांबूचे तट्टे ठोकले आणि मधे हवा खेळायला चार बोटं जागा ठेवली. कमानींतले निम्मे पाटे काढून टाकले. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून खाट त्यांवर टांगली. आणि दर सुधारणेनंतर ते स्वतः त्या खाटेवर झोपायचे आणि अर्जुनाला स्टिअरिंगवर बसवून म्हणायचे, "चल, वड्यातल्या दगडांवरनं ने." धक्का बसला की उतरून पुन्हा पाना हातात घ्यायचे.

सगळं मनासारखं झालं, तेव्हा त्यांनी चंद्राबाईला उचलून आत आणलं. ती बराच वेळ पडून राहिली.

"कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"लय ग्वाड हाय. पर आवं, खिडकीतनं आभाळच दिसतंय. आभाळ तर मला घरातल्या खाटंवरनंबी दिसतंय. रस्ता कसा दिसायचा?"

खिडकी उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल अशी लालासाहेबांनी ठेवली होती. वर्षभर ते त्याच खाटेवर झोपत होते, पण त्यांचं सगळं ध्यान धक्क्यांकडे होतं. त्याच दिवशी त्यांनी करवत घेतली आणि उशाच्या उंचीला नवी खिडकी कापली.

त्र्याण्णवच्या मे महिन्यात आम्ही पुन्हा निघालो. कराड मागे टाकलं, पाटण आलं, आणि मग नदीकाठानं मी सावकाश चढत गेलो. त्या दिवसाइतका जपून मी आयुष्यात कधी चाललो नाही. चंद्राबाई उशीवर गाल टेकून बाहेर बघत होती आणि दर मैलाला केबिनकडे हाक मारून काहीतरी सांगत होती. करवंदं आली. लाल माती सुरू झाली.

पाण्याच्या काठाशी लालासाहेबांनी मला उलटं लावलं आणि फाळका खाली सोडला. समोर भेगाळलेल्या चिखलाचं मोठं मैदान होतं. मधे दगडी चौथरा आणि एका झाडाचं काळं खोड. बाकी काहीच नाही. मला वाटलं, आता ही रडेल. ती रडली नाही. तिनं वाकडं झालेलं बोट उचललं.

"त्यो चौथरा भैरोबाचा. तितनं उजवीकडं आमचं दार. पलीकडं रंगुबाईचा गोठा. ती चिंच."

"घर सोडलं त्या दिवशी काय झालं?" लालासाहेबांनी विचारलं.

"सामान गाडीत भरलं. आन् आईनं सारं घर सारवून काढलं. म्या म्हनलं, आता पानी येनार, कशाला सारवतीस? तर म्हनली, पान्याला तरी घान घर कशाला द्यायचं?"

लालासाहेब तिच्याकडे बघत राहिले. "इतकी वर्सं झाली लग्नाला. ह्ये कवा सांगितलं न्हाईस मला."

"तुमी घरात कवा हुता?"

त्या बोलण्यात राग नव्हता. नुसती खरी गोष्ट होती, म्हणूनच ती जड होती. चोवीस वर्षं ते सीमेवर होते. वर्षाला एक रजा, त्यात शेत, भावकी, लग्नकार्यं. ते फाळक्यावर तिच्याशेजारी बसले.

"आता हाय की," ते म्हणाले. "सांग."

ऊन कलेपर्यंत ती सांगत होती आणि ते ऐकत होते.

त्यानंतर चंद्राबाई दीड वर्ष जगली. आम्ही पुन्हा कोयनेला गेलो नाही, कारण पुढच्या उन्हाळ्यात तिचं दुखणं हृदयापर्यंत पोचलं होतं. ती गेली आणि लालासाहेबांनी माझं दार लावून घेतलं. माझ्या खोलीत कोंबड्या अंडी घालू लागल्या. पत्रा गंजला, चाकांतली हवा उतरली. ते माझ्याजवळून जाताना मान वळवून जायचे. मला वाईट वाटायचं, पण मला त्यांचं मन कळत होतं.

वर्षश्राद्धाला माळावरच्या वस्तीतून एक म्हातारी आली. काठी टेकत सरळ माझ्याकडेच. ती रंगुबाई, चंद्राबाईच्या शेजारच्या घरातली.

"चंद्रीनं समदं सांगितलं हुतं मला," ती लालासाहेबांना म्हणाली. "आमी पाच जनी हाय. एसटीनं तितवर जानं हुईना. आमालाबी न्या."

लालासाहेबांनी कोंबड्या हाकलल्या, दार उघडलं आणि अर्जुनाला बोलावणं धाडलं. एका खाटेच्या जागी दोन बाकं बसली, गाद्या आल्या, धरायला दोरखंड आले. पुढचे चार उन्हाळे मी त्या म्हाताऱ्यांना घेऊन गेलो. पाण्याकाठी बसून त्या घरं मोजायच्या, भांडायच्या, पदरानं डोळे पुसायच्या. दर वर्षी एखादी कमी झालेली असायची. नव्याण्णवला माझं इंजिन बसलं, ते कायमचंच. तेव्हा दोघी उरल्या होत्या.

मित्रांनो, मला रंग द्या असं मी म्हणणार नाही. लोखंड गंजतं, त्याचं एवढं दुःख नसतं. पण तुमच्या घरात कुणी अंथरुणाला खिळलं असेल, तर त्याच्याजवळ बसा आणि काय बघावंसं वाटतंय ते विचारा. उत्तर लगेच येत नाही. तोवर उठून जाऊ नका.