माजिवड्याच्या फळीवरचा तुंबा

मित्रांनो, तुंबा म्हटलं की तुम्हाला सतार आठवते, नाहीतर गोसाव्याच्या हातातला कमंडलू. मी त्यांतला नव्हे. मी मुठीत मावेल एवढा एक जुना तुंबा आहे. माझा जन्म अर्जेंटिनातल्या एका वेलीवरचा. तिथे मला सुकवलं, आतून कोरलं आणि माझ्या पोटात धातूची एक नळी उभी केली. माझ्यात येर्बा नावाचा पाला भरायचा, वर गरम पाणी ओतायचं आणि नळीने ओढायचं. त्या कडवट पेयाला तिकडे माते म्हणतात.

ब्युनॉस आयर्सच्या बंदरात मी रामोन नावाच्या म्हाताऱ्या हमालाकडे होतो. दुपारी त्याचे सोबती गोल करून बसत. रामोन मला भरून एकाला देई. तो मला रिकामं करून परत देई, की पुढच्याची पाळी. नळी सगळ्यांची एकच. पुरे झालं की 'आभारी आहे' म्हणायचं, मग पुढच्या फेरीत तुम्हाला वगळत.

१९४९ साली तिथे एक बोट दुरुस्तीसाठी तीन आठवडे थांबली. तिच्यावरचा स्वयंपाकी दौलत हा ठाण्याजवळच्या माजिवड्याचा. रामोनने त्याला खुणेने बोलावून आमच्यात बसवलं. सगळ्यांची उष्टी नळी पाहून तो आधी बिचकला, मग डोळे मिटून प्यायला. पण आभार मानायचं काही त्याला सुचलं नाही. त्याच्या घरी आपल्या माणसांचे आभार कधी कुणी मानले होते? तो काही बोलेना आणि रामोन भरायचा थांबेना. बिचाऱ्याने अकरा फेऱ्या रिचवल्या. शेवटी पोट धरून त्याने हात जोडले, तेव्हा हमालांची हसून पुरेवाट झाली. त्या दिवसापासून तो त्यांचाच झाला. बोट निघताना रामोनने मला त्याच्या खिशात कोंबलं आणि येर्बाच्या दोन पिशव्याही दिल्या.

मग काय, मी मुलूख पाहिला! मॉन्टेव्हिडिओत ढोलांवर नाचणारी माणसं पाहिली. चिलीत दौलतने तळहाताहून मोठी करंजी खाल्ली, तिच्यात खिमा आणि उकडलेलं अंडं होतं. पेरूत लिंबाच्या रसात मुरवलेली कच्ची मासळी समोर आली, तेव्हा खाडीकाठचा हा गडी दचकला. "आईला कललं तर घरात घेनार नाय," असं पुटपुटत त्याने चव घेतली आणि थाळी पुसून खाल्ली. शेजारी उकडलेलं रताळं होतं. ते पाहून मात्र त्याचे डोळे भरले. त्याची बायको शेवंती शिवरात्रीला अशीच रताळी उकडायची. घरी गेलो की ओट्यावर असाच गोल जमवायचा, असं त्याने तेव्हाच ठरवलं.

तीन वर्षांनी तो घरी आला. पहिल्याच दुपारी त्याने मला भरलं, पहिली फेरी आपण घेतली आणि पुन्हा भरून बालमित्र गोपीनाथपुढे धरलं.

गोपीनाथने हात मागे घेतला. "येडा झालास काय रं? तुजं उष्टं मी पिऊ?"

बाकीचेही हळूच उठून गेले. शेवंती दारातून म्हणाली, "कुना-कुनाच्या तोंडातली नली ती. मना नको."

इतकी वर्षं लांब राहिलेल्या माणसाशी काय बोलावं, हे तिला कळत नसावं. दौलत एकटाच पीत बसला. येर्बा संपला तेव्हा माझ्यात गवती चहा आला आणि एक दिवस तोही यायचा बंद झाला. मी स्वयंपाकघराच्या फळीवर गेलो. माझ्या पोटात सुया आणि बटणं आली. मित्रांनो, मला फार एकटं वाटे. खाली दौलत ठाण्याच्या खानावळीतलं काम संपवून येई, मुकाट जेवे आणि ओट्यावर जाऊन बसे. त्याची भाषा मला कळायची, माझी त्याला, पण आम्हीही एकमेकांपासून तुटलो. ओल नसली की आमची जात तडकते. सहा वर्षांत माझ्या काठाला तडा गेला.

एके दिवशी दौलतने माळ्यावरची ट्रंक खाली काढली.

"बोटीवर जातो परत," तो म्हणाला. "हितं माज्याजवल बसाया कोन हाय?"

शेवंती आत आली. तिने माझ्यातल्या सुया पदरात ओतल्या, मला धुतलं आणि गवती चहा उकळला. मला ओट्यावर त्याच्यापुढे ठेवून ती समोर बसली.

"तिकरं कसं पितात, दावा."

दौलतने मला भरलं, प्यायला, पुन्हा भरून तिला दिलं. तिने नळी ओढली, जीभ पोळली, तरी मला रिकामं केलं आणि परत दिलं. आता पाळी त्याची होती. कुंपणापलीकडून गोपीनाथ ओरडला, "अरे, बायकोचं उष्टं पितोस?"

दौलतने तिकडे पाहिलंही नाही. तळाशी खुळखुळ आवाज येईपर्यंत तो प्यायला. संध्याकाळी ट्रंक माळ्यावर परत गेली.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी लांबून एखादी विचित्र वस्तू आणली असेल. तिच्यात सुया टाकण्याआधी आणणाऱ्याजवळ घटकाभर बसा आणि ती कशी वापरतात, ते विचारा. सहा वर्षं थांबू नका.

मी आता तड्यातून गळतो. शेवंतीच्या लुगड्यावर डाग पडतात आणि ती रोज माझ्या नावाने बोटं मोडते. पण 'आभारी आहे' असं ती अजून एकदाही म्हणालेली नाही.