कपाटाला फुटलेला पाझर

संध्याकाळ झाली की तळमजल्यावरच्या मावशींच्या घरात पाय ठेवायला जागा नसे. चपलांची रांग दारातून जिन्यापर्यंत जाई आणि जिन्यावरची माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून आत डोकावत. आत मावशी नव्हत्या. त्या उन्हाळा लागता लागताच गेल्या. आत होतं ते पॅसेजच्या कोनाड्यात उभं असलेलं, माणसाहून वीतभर उंच, पत्र्याचं कपाट. कपाट म्हणायचं इतकंच. खरं तर तो हीट पंप होता, उन्हाळ्यात घर गार आणि थंडीत उबदार ठेवणारं यंत्र. त्या इमारतीत घरटी असं एक कपाट होतं आणि मावशी जाईपर्यंत त्यातल्या एकाच्याही पाया कुणी पडलं नव्हतं.

आता मात्र मावशींच्या कपाटावर त्यांचा फोटो ठेवलेला होता, कपाटाला त्यांची आवडती लोकरीची शाल पांघरली होती आणि शालीखालून फरशीवर पाणी येत होतं.

"रडल्या," कुणीतरी हळूच म्हणालं आणि पॅसेजभर हुंदके सुरू झाले.

कपाटाशेजारी गारवामहाराज बसले होते. मावशींच्या समाचाराला म्हणून आले ते गेलेच नाहीत. उजवा हात त्यांनी गर्दीवर धरला होता, डावा मागे भिंतीला टेकला होता.

"मावशी वर गेल्या, पण माया खाली राहिली," महाराज सांगत होते. "माया म्हणजे ओलावा. ओलावा म्हणजे पाणी. पाणी म्हणजे जीवन. आणि जीवन म्हणजे... वाट्या पुढे करा."

जीवन म्हणजे वाट्या कशा, हे कुणी विचारलं नाही. वाट्या पुढे झाल्या. गुडघेदुखीवर एक वाटी, दम्यावर दोन, नवरा ऐकत नसेल तर त्याच्या चहात चमचाभर. एका वकीलसाहेबांनी तर कोर्टात कपाळाला लावायला म्हणून बाटली भरून नेली. ते खटला हरले आणि बाटली लहान पडली असं सर्वांना सांगत सुटले.

तिसऱ्या मजल्यावरच्या विज्ञानाच्या बाई दाराच्या चौकटीला टेकून हे सगळं बघत होत्या. एरवी असल्या गोष्टींना हसून त्या वर निघून गेल्या असत्या. पण रांगेत चौथी वाटी त्यांच्या वडिलांची होती.

त्यांचे वडील, अप्पा, जन्मभर शिवणकाम केलेले. साखरेचा आजार जुना, गोळ्या चालू. मावशी गेल्या आणि कपाट रडायला लागलं, तसं अप्पांनी गोळ्या बंद केल्या. रोज एक वाटी पाणी प्यायचे. पायाच्या अंगठ्याला झालेली साधी जखम भरायचं नाव घेत नव्हती आणि डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की हे असंच चाललं तर अंगठा काढावा लागेल, आणि अंगठ्यावर थांबलं तर नशीब.

"अप्पा, ते यंत्राच्या ट्रेमधलं पाणी आहे," बाई घरी आल्यावर म्हणाल्या. "त्यात धूळ आहे, बुरशी आहे. गोळी घ्या."

"मला गुण येतोय त्याने."

"अंगठा बघा मग."

अप्पांनी अंगठ्याकडे पाहिलं नाही. खिडकीतून खालच्या बाकाकडे पाहिलं. रोज संध्याकाळी त्या बाकावर ते आणि मावशी बसत, सबंध जगाची उणीदुणी काढत. "ती माझ्याशी कधी खोटं बोलली नाही गं," ते म्हणाले. "आणि ती रडत असताना मी वर बसून गोळ्या खाऊ?"

बाईंनी गोळ्यांची पट्टी त्यांच्या उशाशी ठेवली. त्यांना रागही आला आणि कीवही. अप्पांशी वाद घालून उपयोग नव्हता, भांडण त्या कपाटाशीच होतं.

दुसऱ्या दिवशी त्या शहाण्या मुलीसारख्या वाटी घेऊन पुढे जाऊन बसल्या. भक्तीच्या निमित्ताने कपाटाच्या वरच्या झडपेपुढे त्यांनी हात जोडले आणि जोडलेल्या हातांना झुळूक लागते का ते पाहिलं. यंत्र घरघरत होतं, पण हवा नावाला येत होती. त्यांच्या घरचं यंत्र तर केस उडतील इतकी हवा फेकायचं. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. हवा आत ओढायची जाळी कपाटाच्या खालच्या अंगाला असते आणि तिच्यावर मावशींची जाड शाल घट्ट गुंडाळलेली होती.

रविवारी सकाळी बाईंनी स्वतःच्या घरचं यंत्र चालू केलं आणि त्याच्या जाळीवर हाताला लागलं ते जाडंभरडं कापड बांधलं. दुपारी पत्रा उघडून पाहतात तर आतल्या नळ्यांवर पांढराशुभ्र बर्फ. बाई खूश झाल्या, यंत्र थांबवून फरशीकडे बघत बसल्या. बर्फ वितळला, ट्रेमध्ये उतरला, नळीतून गुपचूप मोरीत निघून गेला. फरशी कोरडी ठणठणीत. चमत्कार करायचा तर नुसत्या श्रद्धेने भागत नाही, हे बाईंच्या लक्षात आलं.

त्या पुन्हा खाली जाऊन बसल्या आणि या वेळी महाराजांच्या हातांकडे बघत राहिल्या. पूजेचा क्रम ठरलेला होता. सकाळी शाल पांघरायची. मग "मावशींच्या कानात अत्तर" म्हणून कपाटाच्या खाली निघालेल्या नळीत अत्तराचा वास मारणारा कापसाचा बोळा कोंबायचा. आणि संध्याकाळी गर्दी जमली की उजव्या हाताने आशीर्वाद देत डाव्या हाताने मागच्या भिंतीवरची गारवा कमीजास्त करायची कळ फिरवून यंत्र थांबवायचं. सगळी कृती दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालली होती. फक्त बघणाऱ्यांचे डोळे मिटलेले असत.

शाल पहिल्यांदा पांघरली ती मावशींच्या भाच्याने, निव्वळ मायेने. नळीत तेव्हा फोटोच्या हाराच्या पाकळ्या अडकल्या होत्या, म्हणून पाणी बाहेर आलं. शाल धुवायला गेली आणि नळीतल्या पाकळ्या निघाल्या तेव्हा मावशींचं रडणं थांबलं, लोक म्हणाले मावशी रुसल्या. महाराजांनी मात्र दोन आणि दोन चार केले. म्हणजे प्रयोग त्यांनीही केला होता, निष्कर्ष तेवढा स्वतःपाशी ठेवला.

पुढच्या रविवारी इमारतीत बातमी फुटली की मावशी तिसऱ्या मजल्यावरही रडणार आहेत. बातमी बाईंनीच फोडली. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्यांनी ती इतक्या अडखळत सांगितली, की ऐकणाऱ्यांना ती भावना अनावर झाल्याची खूण वाटली. संध्याकाळी सगळा तळमजला तिसऱ्या मजल्यावर चढला. महाराजही आले. आपल्या घरचा झरा दुसरीकडे वाहायला लागला तर कुणाला झोप येणार?

कोनाड्यापुढे बाईंनी चादरीचा पडदा लावला होता. यंत्र त्यांनी कळ फिरवून आधीच थांबवून ठेवलं होतं. मंडळी बसतात न बसतात तोच पडद्याखालून पाण्याची धार आली आणि माणसं गहिवरली. वकीलसाहेब या खेपेला मोठी बाटली घेऊन आले होते.

"महाराज, या मावशीच का?" बाईंनी विचारलं.

महाराज पेचात पडले. नाही म्हणावं तर खालचं पाणीही संशयात येणार. त्यांनी डोळे मिटले, बोट ओलं करून कपाळाला लावलं आणि म्हणाले, "त्याच. आणि बघा, त्यांचं पवित्र वस्त्र इथेही आहे. मला पडद्याआडून तेज जाणवतंय."

बाईंनी पडदा ओढला.

यंत्राच्या पोटावर एक जुना, उभ्या निळ्या पट्ट्यांचा पायजमा बांधलेला होता. दोन्ही पाय मागे घेऊन गाठ मारलेली होती आणि नाडी पुढे लोंबत होती.

सगळ्यांच्या माना पुढे झाल्या. मग मागून एक काकू भक्तिभावाने म्हणाल्या, "पायजमा पावला हो," आणि नाडीला हात लावून नमस्कार करायला पुढे सरकल्या. त्यांच्यामागे आणखी दोघी उठल्या. महाराजांनाही जोर आला. माया वस्त्र बघत नाही, असं काहीतरी ते सुरू करणार होते.

"थांबा," अप्पा म्हणाले.

ते लंगडत पुढे आले, खाली वाकले आणि पायजम्याची शिवण दोन बोटांत धरून पाहिली. "हा माझा आहे," ते म्हणाले. "मी शिवलाय. डाव्या पायाला माप चुकलं म्हणून कधी घातला नाही, फरशी पुसायला दिला होता. यात मावशी कुठून येणार? ती तर या पायजम्याला बघून हसली होती."

काकूंनी नाडी सोडून दिली.

मग बाईंनी पायजमा सोडला, पत्रा उघडला आणि आतला वितळत चाललेला बर्फ सर्वांना हात लावून बघू दिला. नळ्या गार होतात, पंखा घरातली हवा त्यांच्यावरून ओढतो. ती वाट झाकली की नळ्यांवर बर्फ धरतो. यंत्र थांबवलं की त्याचं पाणी होतं. शेवटी त्यांनी नळीतला बोळा उपसला. ट्रेमधलं पाणी गुळगुळ करत मोरीत गेलं आणि फरशीवरची धार थांबली. शाल असो, पायजमा असो किंवा वर्षभर न धुतलेली धुळीने भरलेली जाळी असो, यंत्र सर्वांसाठी सारखंच रडतं, असं बाई म्हणाल्या. त्याला सांत्वन नको असतं, साफसफाई हवी असते. चमत्कार दिसला की आधी हात जोडू नका, आधी झाकलेलं उघडून बघा. आणि उघडून बघायला जो मना करेल, त्याच्या डाव्या हातावर लक्ष ठेवा.

सगळ्यांनी महाराजांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. त्या हातात चपला होत्या. चुकून काकूंच्या उचलल्या होत्या, पण परत द्यायला ते थांबले नाहीत.

पांगापांग झाली तरी अप्पा ओला पायजमा मांडीवर घेऊन बसून होते. शिवणीवरून बोट फिरवत ते म्हणाले, "म्हणजे ती रडत नव्हती."

"नाही, अप्पा."

"मला वाटलं, तिलाही करमत नाही." आणि अप्पांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मावशी गेल्यापासून ते एकदाही रडले नव्हते. ते काम त्यांनी रोज कपाटावर सोपवलं होतं. बाई शेजारी येऊन बसल्या.

रडून झाल्यावर अप्पांनी पायजम्याच्या कोरड्या पायाला डोळे पुसले आणि हात पुढे केला.

"वाटी नको," ते म्हणाले. "गोळी आण. आणि उद्या खाली जाऊन तिची शाल घेऊन ये. त्या यंत्राला बिचाऱ्याला श्वास घेऊ दे."