खारबाबांचं ताट

सिन्नरजवळ सावळीरामच्या नव्या शेततळ्यावर रविवारी ही गर्दी लोटली होती. मधोमध पितळी ताट, ताटात लिंबाचा रस आणि रसात बोटाच्या पेराएवढा जबड्याचा तुकडा. तुकडा फसफसला, थरथरला आणि चक्क सरकला!

"चालली! रामरायाची खार चालली!" खारबाबांनी शंख फुंकला. "सेतूला हातभार लावला, ती तुमचा मूळव्याध ठेवेल होय? तीर्थ घ्या, माउली!"

योगिनी धक्के खात पुढे आली. नाशिकच्या कॉलेजात ती जीवाश्म शिकवायची. तळं खणताना निघालेल्या या जबड्याचा फोटो सावळीरामनेच तिला पाठवला होता. दाढा खारीच्याच होत्या, पण त्यांवर एक उंचवटा जादा दिसत होता. तसा आजच्या कुठल्याच खारीला नसतो. हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेली, कुणालाच ठाऊक नसलेली खार! तिला नाव द्यायला पुरावा काय तो त्या दाढांचा, आणि तो लिंबात मुरत पडलेला.

"सावळीरामभाऊ, हात लावू नका, असं मी म्हणाले होते ना?"

"म्याडम, आमी कुठं लावला? बाबांनीच लावला. रोज चालती, लय जागृत हाय."

"खार नाही चालत, रस चालवतो." तिने काठावरचा चुनखडीचा चपटा खडा उचलून ताटात टाकला. खडा फसफसला आणि सरकला. "चुनखडीवर आंबट पडलं की वायूचे बुडबुडे निघतात, ते खालून ढकलतात. जबड्यावरही हीच चुनखडी बसलीय. यात चमत्कार कसला?"

सगळे वाकून खड्याकडे बघू लागले. पटलं वाटतं, असं योगिनीला वाटलं.

"पाहिलंत?" बाबा गरजले. "खारीच्या संगतीनं दगडसुद्धा पावन झाला!"

आणि माणसं खडे वेचायला धावली. रडावं की हसावं, तिला कळेना.

सावळीराम तेवढा मागे राहिला. त्याने तुकडा धुऊन तिच्या हातावर ठेवला. "बुडबुडे म्या बी पाहिले. आता सांगा, कोणती खार व्हती?"

तिने भिंग लावलं. आंबटाने उंचवटे खाऊन टाकले होते. दाढा वापरलेल्या साबणासारख्या गुळगुळीत.

"नाही सांगता येणार. आता कधीच नाही."

"फोटो हाय ना?"

"नुसत्या फोटोवर नाव देता येत नाही, भाऊ."

मागे शंख वाजतच होता.

मंडळी, असं ताट उद्या तुमच्याही गावात मांडलं जाईल. हात जोडण्याआधी त्यात एक साधा खडा टाकून बघा आणि तो का सरकला, हे बाबांना नव्हे, स्वतःला विचारा. त्या खारीसाठी मात्र हे विचारायला फार उशीर झाला.