वरच्या देशाचा आकडा

सकाळी आठला येणारा आकडा साडेनऊ झाले तरी आला नव्हता. पूरनियंत्रण कक्षात नोंदी ठेवणाऱ्या बाई पुन्हा पुन्हा फोनकडे बघत होत्या.

नदी वरच्या देशातून यायची. धरणातून किती पाणी सोडलं, हे तिथला कारकून करारानुसार रोज फोनवर कळवायचा. अकरा वर्षांत एकही खाडा नाही. पण परवा दोन्ही देशांची पाणीवाटपाची बोलणी फिसकटली होती.

"त्यांनी माहिती बंद केलीय," साहेब म्हणाले. "आपणही फोन करायचा नाही. वरून हुकूम आहे."

"तिकडे तीन दिवस पाऊस कोसळतोय, त्याचं काय?"

साहेबांनी फायलीत डोकं घातलं.

बाई जिन्यात गेल्या आणि स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावला. त्या माणसाला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आवाज तेवढा ओळखीचा; आकडा सांगून झाला की घरची चौकशीही व्हायची.

"दादा, आकडा?"

पलीकडून दबक्या आवाजात, "ताई, मला बोलायला बंदी आहे... आई अजून नदीकाठच्या वस्तीतच असतात ना?"

"हो."

"त्यांना आज दुपारच्या आत वर बोलवून घ्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही." फोन बंद.

बाई साहेबांपुढे उभ्या राहिल्या. "वस्ती हलवायला हवी."

"कशाच्या आधारावर?"

"माझ्या सहीच्या."

"पाणी आलं नाही तर नोकरी जाईल, बाई."

"आणि आलं तर?"

साहेब पेन शोधू लागले.

भोंगे वाजले. तीनशे घरं कुरकुरत टेकडीवरच्या शाळेत आली. "कुठाय तुझं पाणी? घोटासुद्धा बुडत नाही!" आई लेकीवर डाफरली. तीन वाजले तरी नदी शांतच. दोन कुटुंबं गाठोडी उचलून परत निघाली. बाई वाटेत आडव्या झाल्या, अक्षरशः हात जोडले. "एक तास थांबा. मग मला हव्या तेवढ्या शिव्या द्या."

चार वाजून दहा मिनिटांनी पाणी आलं, गढूळ, ओंडके घेऊन. पाचला वस्तीची फक्त छपरं दिसत होती. माणूस एकही गेला नाही.

आठवड्याने बाईंना नोटीस आली: माहिती कोणी दिली? त्यांनी उत्तर लिहिलं, 'पाण्याचा रंग बघून अंदाज केला.' कोणाला ते पटलं नाही. पण तीनशे घरं बुडालेली असताना कोणी वाद घातला नाही.

महिन्याने करार पुन्हा सुरू झाला. आठला फोन वाजला. आवाज नवा होता.

"आधीचे दादा कुठेत?" बाईंनी विचारलं.

"इथे आता मी असतो. आकडा लिहून घ्या."

बाईंनी लिहून घेतला. पुढे काही विचारायचा धीर त्यांना झाला नाही.