रिपोर्ट घ्यायला कधी यायचं

“म्याडम, कागूद भरून घेता तसा रिपोर्ट बी देत जा. नायतर एखादी वाट बघत बसंल.”

साळूबाईनं हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. बाळंतिणींच्या वॉर्डात तीस वर्षं काढलेली ती आया. शिकाऊ डॉक्टर तिच्या डोळ्यांदेखत मोठे होऊन निघून गेलेले. गौहर तेव्हा हसली होती.

“साळूमावशी, ही तपासणी नव्हे हो. संशोधन आहे. याचा रिपोर्ट नसतो.”

“ते तुमाला ठावं. त्यायला कोन सांगितलंय?”

“संमतिपत्रावर लिहिलंय की.”

“लिवलंय म्हनं,” असं स्वतःशीच बोलत साळूबाईनं पोछा पिळला आणि फरशीला लागली. गौहरनंही ते तिथंच सोडून दिलं.

गौहर विद्यापीठात आरोग्य मानसशास्त्रात पीएचडी करत होती. विषय होता बाळंतपणानंतर बाईला घेरणारी उदासी. सव्वा वर्षाची इनाया छावणीतल्या घरी सासूपाशी ठेवून ती आठवड्यातून चार दिवस वॉर्डात यायची. दर तासाला घरी फोन लावायची. “खाई क्या? सोई क्या? पलंग से तो नै गिरी ना?” सासू नजमुन्निसा वैतागून म्हणायची, “पढने गई क्या पहरा देने गई?” तरी फोन चुकायचा नाही.

कामाची पद्धत तिच्या मार्गदर्शकांनी, डॉ. गव्हाणे सरांनी घालून दिलेली होती. दहा प्रश्नांचा एक कागद. वाचता येणाऱ्या बाईनं कोपऱ्यातल्या बाकावर बसून खुणा करायच्या, कागदाची घडी पाकिटात घालायची, पाकीट स्वतःच्या हातानं चिकटवायचं. गौहरनं सहा पावलं लांब उभं राहायचं. समोर कुणी बसलं की बाई खरं लिहीत नाही, असं सरांचं म्हणणं, आणि ते काही खोटं नव्हतं. पाकिटावर नाव नाही, फक्त नंबर. नंबर कुणाचा, ती यादी सरांच्या कपाटात. दोनशे पाकिटं जमली की सगळी एकदम फोडायची, तोवर एकही नाही. पूर्वग्रह येतो.

दोनशे पाकिटं जमायला आठ महिने लागले.

मार्चमधल्या एका दुपारी विभागातल्या खोलीत पंखा फुल करून गौहर पाकिटं फोडायला बसली. वरून सुरुवात केली, म्हणजे शेवटचं आधी. फोडायचं, गुण मोजायचे, तक्त्यात भरायचे. हात यंत्रासारखा चालला होता. एकशेसतरा नंबरला तो थांबला.

दहावा प्रश्न होता: गेल्या सात दिवसांत आपण जगू नये असं मनात आलं का? त्यापुढं चार चौकटी. या बाईनं ‘पुष्कळदा’च्या चौकटीत एवढी दाबून खूण केली होती की कागद मागून फुगला होता. आणि खाली, जिथं काहीच लिहायचं नसतं तिथं, बारावीच्या पेपरात लिहावं तशा टापटीप अक्षरात लिहिलं होतं, “रिपोर्ट घ्यायला कधी यायचं?”

गौहरनं तारीख पाहिली. अकरा आठवडे झाले होते.

तिनं साळूबाईला फोन लावला, रिपोर्ट मागायला कुणी आलं होतं का विचारलं.

“व्हय, ध्यानात हाय की,” साळूबाई म्हणाली. “लासूर स्टेशनची. गोरीशी, पोट फाडून झालेली. दोनदा आली व्हती. तुमी नव्हत्या. मी धाडली रक्ताच्या रिपोर्टच्या खिडकीवर. तिथं नाव सापडना. दुसऱ्या टायमाला तर पाच वाजेस्तोवर बाकावर बसली, लेकरू मांडीवर घेऊन.”

“मला का नाही सांगितलं मावशी?”

“सांगितलं व्हतं की. तुमीच म्हनल्या, याचा रिपोर्ट नसतो.”

साळूबाईच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

गौहर कागद घेऊन सरांच्या खोलीत गेली. सरांनी चष्मा लावला. त्यांनी आधी नंबर पाहिला, मग खालचं अक्षर, मग दहावा प्रश्न.

“हिनं खाली लिहून फॉर्म खराब केलाय,” ते म्हणाले.

“सर, खूण बघा.”

“बघितली. पाकीट कधीचं?”

“अकरा आठवड्यांपूर्वीचं.”

“मग आज एवढी धावपळ कशाला? जे व्हायचं ते होऊन गेलं असेल. किंवा नसेल झालं.”

गौहरला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण सर चहात बिस्कीट बुडवत होते, आणि ते विरघळून पडू नये याच्याकडे त्यांचं लक्ष होतं.

“आपण एथिक्स कमिटीला लिहून दिलंय सर. अशी खूण आढळली तर त्याच दिवशी मानसोपचार विभागात पाठवू म्हणून.”

“ते लिहायचं असतं. त्याशिवाय मंजुरी मिळत नाही. आपण संशोधक आहोत गौहर, दवाखाना उघडलेला नाही.”

“मला तिचं नाव हवंय. यादी द्या.”

“यादी फोडली की गोपनीयता संपली. मग एकशेसतरा बाद करावा लागेल. कमिटी विचारेल, का बाद केला?”

“विचारू दे.”

सरांनी चष्मा काढला. आवाज मऊ केला. “तुझी फेलोशिप पुढच्या महिन्यात नूतनीकरणाला येतेय. लहान मूल आहे तुला. जरा भान ठेव.”

लहान मूल आहे. हे यांना आज आठवलं. इनाया दोन महिन्यांची असताना गौहर याच खुर्चीत येऊन बसली होती. टाके ओढत होते, दूध दाटून कुर्ता भिजत होता, रात्र रात्र पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघण्यात गेलेली. तेव्हा सरांनी विचारलं होतं, दुसरं प्रकरण कधी देतेस. भिंतीवर मातांच्या मानसिक आरोग्याचं रंगीत पोस्टर, बाईच्या मनाची मापं घेणारे चार प्राध्यापक, आणि दूध काढून टाकायला जागा म्हणून जिन्याखालचा संडास. दहा प्रश्नांतला एकही तिला कुणी कधी विचारला नव्हता.

पण तिचा संताप नुसता सरांवर नव्हता. अर्जातलं ते ‘त्याच दिवशी’वालं वाक्य तिनंच टाइप केलं होतं. एका सीनियरच्या फाइलमधून उचललं होतं. चिकटवलेली पाकिटं दोनशे होईपर्यंत फोडायची नाहीत, आणि धोका दिसला तर त्याच दिवशी पाठवायचं. एकाच पानावर या दोन गोष्टी होत्या. खाली कमिटीतल्या पाच जणांच्या सह्या. पाकीट न फोडता कसं दिसणार, हे पाचांपैकी कुणी विचारलं नाही, आणि सहाव्या गौहरनंही नाही. फरशी पुसणाऱ्या बाईला जे दिसलं ते दिसायला यांना कुठली पदवी हवी होती?

“सर, यादी मिळेपर्यंत मी इथून उठणार नाही,” ती म्हणाली. पोराला ताप आहे, औषध द्या, असं दुकानात सांगावं तेवढ्याच साध्या आवाजात.

सरांना तीनची मीटिंग होती. त्यांनी घड्याळ पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि किल्ली टेबलावर ठेवली. “काय बघायचं ते बघ. मी काही दिलेलं नाही. आणि त्या फॉर्मवर पाकीट उघडल्याची तारीख घालू नकोस.”

ते गेल्यावर गौहरनं कपाट उघडायच्या आधी फॉर्मवर तारीख घातली, वेळ घातली, खाली पूर्ण सही केली. मग यादी काढली.

मनकर्णा. वय बावीस. पत्ता लासूर स्टेशन. फोन नवऱ्याचा. तो ट्रकवर, फोन लागेना. गौहर रात्री आठपर्यंत लावत राहिली.

“कल सुबह लासूर जारी मैं,” तिनं घरी सांगितलं.

“कोई मर गया क्या?” नजमुन्निसानं विचारलं.

“मालूम नै अम्मी. वोइच देखने जारी.”

सासूनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि इनायाला उचलून घेतलं. नवरा मुख्तार म्हणाला, “छुट्टी डालता मैं. इनाया को हम देख लेते, तू फिकर नक्को कर.”

सकाळच्या गाडीत खिडकीशी बसून गौहरनं एक कोरा कागद काढला आणि लासूर येईपर्यंत त्यावर लिहीत राहिली. चार ओळींना तेवढा वेळ लागला.

मोंढ्याच्या धान्यबाजारामागं घर सापडलं. ओट्यावर मनकर्णाची सासू ज्वारी पाखडत होती. विद्यापीठातून आले म्हटल्यावर तिनं सूप खाली ठेवलं.

“रिपोर्टवाल्या का? लई वाट बघितली तुमची.”

“मनकर्णा कुठं आहे?”

“माहेरी हाय. फर्दापूरला. बाळतपन माझ्याकडंच झालं, तिच्या आईचा हात मोडला व्हता. पर पोरगी बोलंना, जेवंना. मला म्हनली, आत्याबाई, दवाखान्यात कागूद भरलाय, रिपोर्टात निघंल काय झालंय ते. मीच धाडली दोन्ही खेपंला. दुसऱ्या खेपंला आली आन् म्हनली, माझं नावच न्हाई तिथं. त्यापासनं जी गप झाली ती गपच.” मग जरा पुढं सरकून तिनं विचारलं, “वाईट काय निघालं का वो त्याच्यात?”

गौहर ओट्याखाली पाहुणीसारखी उभी होती. सासूवर चिडायची तयारी करून ती आली होती. आता तो राग ठेवायला जागा उरली नाही. ही न शिकलेली बाई सुनेला दोनदा गाडीत बसवून शहरात पाठवते, आणि शहर तिला रक्ताच्या खिडकीवर पाठवतं.

तिनं फर्दापूरचा नंबर घेतला. तिथं मनकर्णाच्या आईनं, वच्छलाबाईनं फोन उचलला.

“हाय ना. मागल्या दारात बसलीय,” ती म्हणाली.

हाय. गौहरनं पर्स खांद्याला लावली.

“मावशी, मी निघालेय. येईपर्यंत तिच्याजवळ बसा. विहिरीवर, मोरीत, कुठंच एकटी जाऊ देऊ नका.”

“म्हंजी माझ्या मनात यायचं ते खरं हाय म्हना की,” वच्छलाबाई हळू म्हणाली. “बसते. तुमी या.”

लासूरहून शहरात, शहरातून बस बदलून अजिंठ्याच्या रस्त्यानं फर्दापूर. पोचायला चार वाजले. मनकर्णाचा बाप लेणी बघायला येणाऱ्यांना रंगीत दगड विकतो. अंगणात त्या दगडांच्या टोपल्या होत्या. त्यांच्या पलीकडं मागल्या दारात मनकर्णा बसली होती, आणि तिच्या मांडीला मांडी लावून तिची आई. बाळ मांडीवर होतं. न्हाऊन, काजळ घालून, नेटकं. फक्त मनकर्णाचा हात बाळावर नव्हता. तो बाजूला जमिनीवर पडला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. गौहरनं आधी तेच पाहिलं.

मनकर्णानं मान वर केली. आठ दिवसांत ती पहिल्यांदा बोलली, असं आई नंतर म्हणाली.

“रिपोर्ट आनला का?”

“आणला,” गौहर म्हणाली आणि गाडीत लिहिलेला कागद तिच्या हातात दिला.

मनकर्णानं तो मनातल्या मनात वाचला. मग पुन्हा एकदा, आईला ऐकू जाईल असा. “मनकर्णा, वय बावीस. हिला बाळंतपणानंतर येणारा मनाचा आजार झाला आहे. हा आजार आहे, स्वभाव नव्हे, हिची काही चूक नाही. औषधानं आणि बोलण्यानं हा बरा होतो. सांगायला उशीर आमच्याकडून झाला.” खाली सही होती.

“मी म्हनत व्हते ना आई,” ती म्हणाली. “मी ढोंग नाय करीत. बघ, लिवून आलंय.”

वच्छलाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं कागद घेतला, वाकड्या बसलेल्या हातानं जपून घडी घातली, आणि बाळाच्या लशींचं कार्ड असतं त्या डब्यात ठेवून दिला. मनकर्णा तोवर रडायला लागली होती. गौहरनं बाळ उचलून घेतलं.

रात्रभर आई लेकीच्या उशाशी बसली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी बाळाला घेऊन पहिल्या बसनं आल्या. गौहर मानसोपचार विभागाच्या दारात उभी होती. डॉक्टरांनी भरती करून घेतलं. आता दर पंधरा दिवसांनी मनकर्णा औषधाला येते, साळूबाईला भेटून जाते. हात बाळावर असतो, निदान निम्मा वेळ तरी.

गौहरला विभागाकडून पत्र आलं. गोपनीयतेचा भंग केल्याबद्दल खुलासा करावा. तिनं खुलाशाला अर्जाचं ते पान जोडलं, दोन्ही वाक्यांखाली लाल रेघ ओढून, पाचही सह्यांसकट. आणि खाली स्वतःचं नाव सहावं लिहिलं. उत्तर अजून आलेलं नाही. फेलोशिपही नाही.

फर्दापूरहून आल्यावर तिनं उरलेली पाकिटं त्याच दिवशी फोडली, एकशेसोळापासून खाली एकपर्यंत. त्रेचाळीस नंबरला तीच खूण होती. पाकीट सहा महिन्यांपूर्वीचं. पत्ता छावणीतला, गौहरच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. ती गेली तर खोलीला कुलूप. घरमालक म्हणाला, भाडेकरू केव्हाच गेले, बाई कुणाशी बोलत नव्हती, लेकरू फार रडायचं. फोन बंद. गौहरनं वॉर्डात, लसीकरणाच्या रांगांत, अंगणवाड्यांच्या दारांत विचारून पाहिलं. त्या बाईचं नाव ती कुणाला सांगू शकत नाही, आणि नावाशिवाय कुणाला शोधायचं ते लोकांना कळत नाही.

म्हणून गौहरचं तुमच्याकडं मागणं आहे. तुमच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर, मागच्या खोलीत नव्यानं राहायला आलेली एखादी बाई असेल. बाळ सहा-सात महिन्यांचं असेल. ती दळण आणायला जाते, दोरीवर कपडे घालते, कुणी हसलं तर हसते, म्हणून तुम्हाला काही वाटलं नसेल. आज तिच्याकडं जा. बाळाला बघायला आलो म्हणा आणि बाईला बघा. आणि तिला विचारा, दवाखान्यात कधी दहा प्रश्नांचा कागद भरला होता का. हो म्हणाली, तर तिला सांगा की रिपोर्ट आलाय. आणि तिला एकटीला सोडून उठू नका.