निम्मी गोळी

संयोगिताला थायरॉइड निघाला तो क्रांती पोटात असताना, आणि साखर निघाली ती क्रांती दहावीला असताना. मधली सोळा वर्षं ती रोज सकाळी उपाशीपोटी एक बारीक पांढरी गोळी गिळत आली होती. तरी अंग सुजल्यासारखं, केस गळायचे, भर मे महिन्यात पाय गार पडायचे. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन होतं. ब्लाऊज शिवण्यात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं, पण दुपारचे चार वाजले की बाई मशीनवरच पेंगायची. घरच्यांना तो आळस वाटायचा. हळूहळू तिलाही तसंच वाटायला लागलं होतं.

साखरेच्या गोळ्या दोन वर्षं वाढत गेल्या, साखर काही हटली नाही. शेवटी शाहूपुरीतले डॉक्टर म्हणाले, "ताई, भाकरी-भात अगदी कमी करून बघायचं का? पण मनानं काही करायचं नाही. खाणं बदललं की गोळीही कमी करावी लागते. मला फोन करत राहायचं."

संयोगिता नेसरीच्या शेतकरी घरात वाढलेली. भाकरीशिवाय जेवण म्हणजे काय, हे तिला ठाऊकच नव्हतं. आता ती नवऱ्याला आणि क्रांतीला भाकऱ्या थापून वाढायची आणि स्वतः दोन अंडी, परतलेला कोबी आणि वाटीभर ताक घेऊन बसायची. फ्लॉवर किसून भातासारखा शिजवून बघितला, तो पहिल्याच घासाला घशाखाली उतरेना. पहिला आठवडा तिनं रडतच काढला. दहाव्या दिवशी मशीनवर बसल्या बसल्या हात थरथरायला लागले, दरदरून घाम सुटला, सुईत दोरा ओवता येईना. क्रांतीनं घरच्या यंत्रावर साखर तपासली. अठ्ठावन्न! तिनं आईला साखरेचं पाणी पाजलं आणि डॉक्टरांना फोन लावला.

"साखरेची गोळी आजपासून निम्मी," डॉक्टर म्हणाले. महिन्याभरानं त्यांनी ती निम्मीही बंद केली. थायरॉइडची गोळी मात्र जन्माची, ती सोडायची नाही, असं बजावलं.

सहा महिन्यांत संयोगिताचं वजन तेरा किलोनं उतरलं. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा साडेनऊवरून सव्वासहावर आला. दुपारची पेंग गेली. मापं द्यायला येणाऱ्या बायका ब्लाऊजचं राहू दे म्हणायच्या आणि आधी तिला वळवून वळवून बघायच्या. "वहिनी, काय केलं ते आम्हालाबी सांगा की." गळ्यात टेप अडकवून संयोगिता सांगत सुटायची. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला काहीतरी विचारायला येत होतं.

दसऱ्याला नेसरीहून आक्का आली. आक्का म्हणजे चिमणाबाई, संयोगिताची थोरली बहीण, तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच संयोगिताला न्हाऊ-माखू घातलं, कडेवर घेऊन शेतात नेलं. नेसरीतच दिलेली, घरी दोन म्हशी आणि थोडा ऊस. तिलाही आठ वर्षांपासून साखर होती आणि गडहिंग्लजच्या दवाखान्यातल्या दोन गोळ्या रोज चालू होत्या.

"संयू, अगं निम्मी झालीस की!" आक्कानं दारातच तिचा दंड चाचपला. "खातीस तरी काय?"

"काय खातो ते इचारू नकोस, काय खात न्हाई ते इचार."

आक्काला वाचता येत नव्हतं. म्हणून संयोगितानं तिच्याकडून सगळं पाठ करून घेतलं. भाकरी न्हाई, भात न्हाई, गूळ न्हाई, बटाटा न्हाई. अंडी, पालेभाजी, ताक, शेंगदाणे मूठभर. आक्का शाळेतल्या पोरीसारखी म्हणत होती आणि मधेच हसत होती. तेवढ्यात एक बाई माप द्यायला आली, संयोगिता उठली, बोलणं तिथंच थांबलं. गोळीचं सांगायचं राहून गेलं. राहून गेलंय हेसुद्धा तिच्या ध्यानात आलं नाही.

आठवड्यानं आक्काचा फोन आला. दिवाळीच्या ब्लाऊजचं काम अंगावर आलं होतं. संयोगितानं फोन मान आणि खांद्यात धरला आणि मशीन चालूच ठेवलं.

"संयू, हातपाय कापत्यात गं माझं. काल गोठ्यात डोळ्यापुढं अंधारी आली."

"मलाबी सुरवातीला तसंच हुतं. चार दिस कळ काढ. मग बघ कशी हलकी हुतीस."

"तू म्हणतीस तर काढतो की," आक्का म्हणाली आणि हसली.

तिसऱ्या दिवशी पिराजी, आक्काचा नवरा, सकाळी दूध डेअरीत घालून तसाच गडहिंग्लजला खत आणायला गेला. परत यायला त्याला अडीच वाजले. आक्का गोठ्यात वैरणीच्या कडेला पडली होती. डोळे उघडे, तोंडाला फेस. कधीपासून पडली होती, कुणालाच सांगता येईना. शेजाऱ्याच्या जीपनं दवाखान्यात नेली, तेव्हा साखर चोवीस निघाली. सलाइन लावल्याबरोबर साखर वर आली, आक्का काही शुद्धीवर आली नाही.

संध्याकाळी संयोगिता धापा टाकत पोचली. अतिदक्षता विभागाच्या दारात डॉक्टर पिराजीला विचारत होते, "बाईंच्या खाण्यात काही बदल झाला होता का?"

"न्हाई साहेब. रोजचंच."

संयोगिता हातभर अंतरावर उभी होती. आणि त्या क्षणी तिला तो दिवस लख्ख आठवला: तिचे थरथरणारे हात, क्रांतीनं पाजलेलं पाणी, डॉक्टरांचा फोनवरचा आवाज, आजपासून निम्मी. तिचं तोंड उघडलं. शब्द फुटला नाही. डॉक्टर मान हलवून आत गेले.

अकराव्या दिवशी आक्कानं डोळे उघडले. पण ती कुणाला ओळखेना. चमचा हातात दिला की तो नुसता धरून बसायची. मेंदूला फार वेळ साखर मिळाली नाही, डॉक्टर म्हणाले, आता आहे हे असं आहे. दिवाळी झाल्यावर तिला घरी आणली.

डिसेंबरातल्या एका रविवारी संयोगितानं पिराजीला सगळं सांगितलं. तो घराच्या पुढच्या सोप्यात बसून आक्काला दुधात कुस्करलेली भाकरी भरवत होता. संयोगिता खाली बघत बोलत गेली. दसऱ्याचं बोलली, फोनचं बोलली, निम्म्या गोळीचं बोलली. पिराजीनं चमचा वाटीत ठेवला.

"दवाखान्यात डॉक्टरनं इचारलं, तवा तू तितंच हुतीस."

"व्हय दाजी."

आक्काच्या हनुवटीवरनं दूध ओघळलं, ते त्यानं टॉवेलानं पुसलं.

"मी न्हाई म्हणालो, कारण मला खरंच ठावं नव्हतं," तो म्हणाला. "दहा दिस बाई माझ्या म्होरं बसून भाकरीबिगर जेवत हुती, आन मी ताटातनं मान वर करून बघितलं न्हाई. ते माझं मी बघीन. पर तुला ठावं हुतं. तू बोलायला पायजे हुतंस."

"बोलून आक्का उठली असती का दाजी?"

"न्हाई. तरीबी बोलायला पायजे हुतंस." त्यानं वाटी पुन्हा उचलली. "येऊ नकोस म्हणत न्हाई. बहीण हाय तुझी. पर माझ्यासंगं बोलू नकोस."

कोल्हापुरात परत आल्यावर संयोगिताचं जेवण तसंच चालू राहिलं. अंडी, कोबी, ताक. ते सोडायचंही तिला सुचलं नाही. थायरॉइडची गोळी मात्र एक दिवस तिनं हातात घेतली, बघितली आणि पुन्हा डबीत टाकली. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग डबी उघडायचंच बंद केलं. चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, ब्लाऊज शिवायचे तसेच पडून राहिले. बायका दोनदा विचारून तिसऱ्यांदा कापड परत घेऊन गेल्या. फेब्रुवारीत क्रांतीनं तिला ओढतच शाहूपुरीत नेलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला. "साखर छान आहे. पण थायरॉइडचा आकडा साठाच्या वर गेलाय. गोळी सोडलीत?"

"व्हय."

"का?"

"मला बरं वाटू नये, म्हणून," टेबलाच्या कडेकडं बघत संयोगिता म्हणाली.

क्रांती रडायला लागली. डॉक्टरांनी सगळं काढून घेतलं, शांतपणे ऐकलं. दोष एकट्या तुमचा नाही, गडहिंग्लजच्या डॉक्टरांना आधी विचारायला हवं होतं, आक्कांना ते माहिती नव्हतं, तुम्ही मुद्दाम केलं नाहीत, असं ते बरंच काही बोलले. संयोगिता दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय अशी ऐकत होती.

आता क्रांती रोज सकाळी गोळी आणि पाणी घेऊन समोर उभी राहते, आणि घोट गिळल्याचं बघूनच कॉलेजला जाते. पोरीला उशीर नको, म्हणून संयोगिता गिळते. सूज थोडी उतरली आहे. कुणी बाईनं खाण्याचं विचारलं की ती मशीनवरनं मान वर न करता "डॉक्टरला इचारा" एवढंच म्हणते. हळूहळू बायकांनी विचारायचं सोडलं.

दर रविवारी ती नेसरीला जाते. ती आली की पिराजी खुरपं घेऊन शेताकडं निघून जातो. संयोगिता आक्काचे केस विंचरते, वेणी घालते, नखं काढते. आक्का आता दोन-चार शब्द बोलते. ती संयोगिताकडं नीट निरखून बघते आणि आदबीनं विचारते, "पावणं, गाव कंचं तुमचं?"

"नेसरी," संयोगिता सांगते.

आक्का मान डोलावते, आणि वेणी पुरी व्हायच्या आत पुन्हा विचारते.